वरचे अंग, खालचे अंग

नदीकाठची माणसे पूर्व-पश्चिम फारशी सांगत नाहीत. वरच्या अंगाला, खालच्या अंगाला असे बोलतात. आलमट्टीचा वाद निघाला की मला हे शब्द आठवतात.

कृष्णेवरील या धरणाची कोनशिला १९६४ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली. समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर ही त्याची पाण्याची पातळी. २०१० साली लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिली, आणि या साडेचार मीटरांवरून दोन तक्रारी उभ्या राहिल्या. २००५ आणि २०१९ चे महापूर सोसलेले सांगलीकर म्हणतात, फुगवट्याने पाणी आमच्या घरांत शिरेल. खाली आंध्र-तेलंगणातला शेतकरी म्हणतो, आमच्यापर्यंत पाणी पोचणारच नाही. भिंत एकच; एकाला पाणी जास्त होण्याची धास्ती, दुसऱ्याला कमी पडण्याची. आणि विजापूरकडचा कोरडवाहू शेतकरी त्याच भिंतीकडे आशेने पाहतो. यांपैकी खोटे कोण बोलतो? माझ्या मते कोणीच नाही.

आपण मराठी माणसे सहसा सांगलीच्या बाजूने बोलतो. ते स्वाभाविकच आहे. पण कोयनेचे काय? कराडला कृष्णेस मिळणारी ही नदी आपण अडवली. तिचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन वीज केली. पुढे ते वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रात जाते. विजापूरच्या शेतकऱ्याला ते कधीच दिसत नाही. तेथे वरच्या अंगाचे आपण आहोत, आणि तेथे आपल्याला न्यायाची आठवण जरा उशिरा होते.

बुडीत क्षेत्रातल्या माणसाला तर वरचे अंगही नाही आणि खालचेही. जुन्या बागलकोटचा भाग पाण्याखाली गेला, नवनगर वसले. कोयनेचे धरणग्रस्त दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतही पुनर्वसनासाठी आंदोलने करीत आले. बहुतांचे हित म्हणून त्यांचे घर घेतले. पण त्या बहुतांनी हे ऋण आपले मानले का? पाणी वाटून घेताना राज्ये भांडतात, हे ऋण वाटून घ्यायला मात्र कोणी भांडत नाही.

पातळी किती असावी, हे लवादाने आणि न्यायालयाने ठरवावे. आपली मागणी न्यायाची की नुसती सोयीची, हे मात्र ज्याचे त्याने तपासायचे असते. त्यासाठी एवढाच प्रश्न पुरे: हीच मागणी खालच्या अंगाच्या माणसाने माझ्याकडे केली, तर मी ती मान्य करीन का?