दोष नक्षत्राच्या माथी

बुलढाणा जिल्ह्यात मृगाचे नाव ओठांवर येते ते जूनमध्ये. ७ किंवा ८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. यंदा मृगाचे वाहन कोणते, हे पंचांगात पाहिले जाते. कपाशी, तूर, सोयाबीनचे बियाणे घरात वाट पाहत असते. मात्र ज्याच्या भरवशावर पेरणी करायची, तो मृग या दिवसांत आकाशात दिसतच नाही. सूर्य त्याच भागात असल्याने तो सूर्यतेजात लोपलेला असतो.

त्याचे दर्शन घ्यावे ते हिवाळ्यात. जानेवारीच्या रात्री लोणार सरोवराच्या काठावर उभे राहिलो, तर हरणाचे चार पाय म्हणजे चार तेजस्वी तारे आपल्याला सहज ओळखता येतात. त्यांतला काक्षी तांबूस, तर राजन्य निळसर पांढरा. मधोमध तीन ताऱ्यांची सरळ रेघ, तो बाण. ही रेघ आग्नेयेकडे वाढविली की व्याध भेटतो, वायव्येकडे वाढविली की रोहिणी.

या एका रेषेत ऐतरेय ब्राह्मणातली कथा उभी आहे. प्रजापतीने स्वतःच्या कन्येची अभिलाषा धरली. ती हरिणी झाली, तेव्हा त्याने मृगाचे रूप घेतले. देवांनी आपल्या उग्र अंशांतून एक धनुर्धर निर्माण केला आणि त्याने मृगाला विंधले. ग्रीकांना याच ताऱ्यांत ओरायन हा शिकारी दिसला. तिकडे शिकारी, इकडे सावज! तारे तेच, अर्थ माणसाने दिला. आपल्या पूर्वजांनी दिलेला अर्थ मोठा कठोर आहे: अपराध घडला तर सृष्टिकर्त्यालाही जाब द्यावा लागतो.

बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथातही हे तारे येतात. ३८व्या अध्यायात परमेश्वर ईयोबाला कृत्तिका आणि मृग यांच्या बंधनांविषयी विचारतो. ती बांधणे वा सोडणे मानवाच्या हाती नाही, हे त्या प्रश्नातच सुचविलेले आहे. मग मानवाच्या हाती आहे तरी काय?

पाऊस हुकला की आपण म्हणतो, ‘मृग कोरडा गेला.’ वर्णन म्हणून हे खरेच आहे. परंतु त्याचा निवाडा केला, की आपली सुटका होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत बुलढाणाही होता. त्या मरणांच्या मागे अवर्षण होते, तसे कर्जही होते, शेतमालाचा पडलेला भावही होता. अवर्षण आकाशातले, व्याजाचा दर आणि मालाचा भाव मात्र माणसेच ठरवितात.

लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने झाले. लोककथा तेथे विष्णूने लवणासुराला मारले असे सांगते. त्या अशनीला मात्र कोणाचे पापपुण्य ठाऊक नव्हते. नक्षत्रालाही ते ठाऊक नसते. मृग काळ सांगतो, पावसाची हमी देत नाही, आणि म्हणून तो दोषीही ठरत नाही. हमी द्यायची असते ती शेजाऱ्याने, सावकाराने, बाजाराने, शासनाने, म्हणजे आपणच.

दुबार पेरणीची पाळी आलेल्या शेतकऱ्याला आपण ‘तुझे ग्रह फिरले’ असे म्हणतो, तेव्हा आपण त्याचे सांत्वन करीत नसतो. आपल्यावरचा जाब आकाशाकडे ढकलीत असतो. त्या वेळी वर पाहून मृग शोधू नये. तो तेव्हा दिसत नाही. समोरचा माणूस मात्र दिसत असतो.