युद्ध आणि नर्तकीचा झगा

घराला आग लागली असता दारात रांगोळी काढीत बसणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. युद्ध म्हणजे साऱ्या देशाला लागलेली आग. अशा वेळी कोणी जाळीच्या कापडाचे थरावर थर शिवून नर्तकीचा झगा तयार करीत असेल, तर त्याला काय म्हणावे?

हा प्रश्न आम्ही केवळ कल्पनेने उभा केलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तो अगदी व्यवहाराचा होता. १ जून १९४१ पासून तेथे कपड्यांवर नियंत्रण आले. माणशी वर्षाला ६६ कुपने मिळत आणि त्यांतली २६ पुरुषाच्या एका सुटातच खर्ची पडत. आणि बॅलेचा झगा, ज्याला ‘टूटू’ म्हणतात, तो कसा असतो? कमरेभोवती जाळीचे थरावर थर. ना थंडीत उपयोगी, ना पावसात. नर्तकीचे रेशमी बूट तर थोड्याच प्रयोगांत झिजून निकामी होतात. काटकसरी गृहिणीच्या नजरेने पाहिले तर ही शुद्ध उधळपट्टी आहे, आणि त्या नजरेला आम्ही क्षुद्र मानीत नाही. आपल्या घरांतून एका साडीची दुपटी नि दुपट्यांची पायपुसणी करणाऱ्या ज्या माता झाल्या, त्यांचीच ती नजर आहे.

तरीही इंग्लंडात नृत्य थांबले नाही. निनेट द वाल्वा या करारी स्त्रीने उभी केलेली सॅडलर्स वेल्सची नृत्यमंडळी मे १९४० मध्ये हॉलंडच्या दौऱ्यावर होती. १० मेच्या पहाटे जर्मन सैन्य त्या देशावर चालून आले. मंडळी एका मालवाहू जहाजातून कशीबशी मायदेशी परतली. वेशभूषा, देखावे, संगीताच्या वह्या सारे मागे राहिले. ‘होरोस्कोप’ नावाच्या नृत्यनाट्याची संपूर्ण स्वरलिपी त्यातच गेली आणि ते नाट्य पुन्हा पूर्वीसारखे रंगभूमीवर येऊ शकले नाही. पुढे बाँबवर्षाव सुरू झाल्यावर त्यांचे लंडनमधील नाट्यगृह घरे गमावलेल्यांचा निवारा बनले आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. तरुण नर्तक सैन्यात जात होते. वाद्यवृंद परवडेना तेव्हा दोन पियानोंवर भागवले गेले. लोक मात्र येत राहिले. दिवसभर कारखान्यात राबून आलेले, रजेवरचे सैनिक, आदल्या रात्री तळघरात झोपलेले.

येथे थांबून ‘पाहा, कलेने माणसांना धीर दिला’ असे म्हणणे सोपे आहे. पण तेवढ्याने आमचे समाधान होत नाही. कारण त्याच काळात जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्येही बॅले चालू होता. तेथील ऑपेरागृहात सर्ज लिफार हा नामांकित नर्तक नृत्यप्रमुख होता आणि प्रेक्षकांत जर्मन गणवेश दिसत. त्यांनाही त्या संध्याकाळी विसावा मिळालाच असेल. शहर मुक्त झाल्यावर लिफारला काही काळ ऑपेराबाहेर राहावे लागले. १९४७ मध्ये तो परत आला. त्याचा न्याय करण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. पण जाळी तीच, पदन्यास तेच, दिलासाही तसाच, आणि तरी आपले मन एका ठिकाणी निवते नि दुसऱ्या ठिकाणी खटकते. म्हणजे नुसता दिलासा मिळाला एवढ्यावरून नृत्याचे माप काढता येत नाही. दारूही दिलासा देतेच! त्या दिलाशाने माणसाला कशाकडे पाठ फिरवायला लावले, हे विचारणे भाग आहे.

‘दान्ते सोनाता’ या नृत्याचा विचार आम्हांला येथे करावासा वाटतो. जर्मनीने पोलंडवर केलेल्या आक्रमणाने व्यथित झालेल्या फ्रेडरिक ॲश्टनने ते रचले आणि २३ जानेवारी १९४० रोजी ते प्रथम सादर झाले. संगीत फ्रान्झ लिस्टचे. त्याच लिस्टचे, ज्याने उतारवयात धर्मसेवेची प्राथमिक पदे स्वीकारली होती. यात झगझगीत टूटू नाही, रेशमी बूटही नाहीत. सोफी फेदोरोविचने साधी, अंगावरून ओघळणारी वस्त्रे योजली. स्त्रिया अनवाणी आणि केस मोकळे. प्रकाशाची लेकरे आणि अंधाराची लेकरे यांचा झगडा होतो; पण शेवटी प्रकाशाचा जयजयकार नाही. दोन्ही पक्षांचे नायक क्रुसावर चढलेले दिसतात! जेत्याची शेखी मिरवण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. युद्धात सापडलेल्या प्रेक्षकांनी हे नृत्य आपलेसे केले, याचा अर्थ ते केवळ दुःख विसरायला येत नव्हते. ज्यासाठी घरी रडायला सवड नव्हती, त्याला तेथे आकार मिळत होता. मृताच्या घरी आपण मर्तिकाचे गाणे गातो, तेव्हा शोक कमी होतो काय? तो चारचौघांत वाटून घेतला जातो.

मग रेशमाचे काय? ते केवळ पाप ठरवावे, इतके आम्ही कठोर नाही. २० फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनचे रॉयल ऑपेरा हाउस ‘स्लीपिंग ब्यूटी’ने पुन्हा उघडले. युद्धकाळात त्या वास्तूत सर्वसामान्यांचा नाचघर होता. कपड्यांची कुपने तेव्हाही चालू होती. ती १९४९ पर्यंत संपली नाहीत. त्या टंचाईतच ऑलिव्हर मेसेलने राजदरबाराची वस्त्रे उभी केली आणि मार्गो फॉन्टेन राजकन्या होऊन नाचली. सहा वर्षे विटक्या कपड्यांत काढलेल्या माणसांनी तो रंग डोळे भरून पाहिला. त्यांनी आपली कुपने मोजून झाली होती, मेलेली माणसे मोजून झाली होती. त्यांना कोणी फसवले असे आम्हांला वाटत नाही.

२०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर काही महिन्यांनी कीव्हचे राष्ट्रीय ऑपेरागृह पुन्हा सुरू झाले. नाट्यगृह मोठे होते. परंतु तळघरातील आश्रयस्थानात जितकी माणसे मावतील, तितकीच तिकिटे विकली जात.