बंदूक भरण्याआधी

आठवीतल्या एका मुलाने आम्हाला वर्गात विचारले, "सर, शिकार हलाल आहे ना? मग अब्बांनी छर्ऱ्याची बंदूक घेऊन दिली तर त्यात गुनाह काय?" अर्धापूरच्या केळीच्या बागांत वाढलेले हे पोर. आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. लहानपणी चाचांच्या अशाच बंदुकीने आम्हीही एक होला पाडला होता. का पाडला, ते आजही सांगता येत नाही.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली; १९९१ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली. पण मुलाने कायदा विचारला नव्हता. शिकार जायज आहे, ती गरजेपोटी. गंमत म्हणून जिवंत जिवाला निशाण करू नये, अशी ताकीदही हदीसमध्ये आहे. जायज आहे म्हणून करायलाच हवे, असे नाही.

जुन्या माणसांकडे ठासणीची बंदूक असे. नळीत दारू ओतायची, बोळा घालायचा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा. दुसरा बार भरेपर्यंत मनाला विचारायला सवड मिळे. पोरांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत ती सवड नाही.

मुंबईत मामू अमीरुद्दीन तय्यबजींकडे वाढलेल्या सलीम अलींकडेही लहानपणी छर्ऱ्याचीच बंदूक होती. घरट्यावर पहारा देणारा चिमणा त्यांनी टिपला. मादीने दुसरा नर आणला, त्यांनी तोही टिपला. पुढच्या सात दिवसांत आठ नर मेले. हे त्यांनी वहीत लिहून ठेवले. १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्यांच्या हाती लागली. ही कोणती, हा प्रश्न मामूंनी झटकला नाही. भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवले. तिथून पक्ष्यांचा अभ्यासक घडला. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, हे लपवण्याचे कारण नाही. त्या आठ चिमण्यांचा हिशेब विद्वत्तेने फिटतो का, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण बंदुका पुष्कळ मुलांना मिळाल्या असतील. प्रश्न ऐकून घेणारा मामू थोड्यांनाच मिळतो.

आम्ही त्या मुलाला म्हणालो, "आधी आठ दिवस बागेतल्या पक्ष्यांची नावे लिहून आण. मग बंदुकीचे बोलू."

त्याने वही आणली. तिच्यातली निम्मी नावे आम्हालाही ठाऊक नव्हती.