लग्नातला आनंद आणि मंडळीचा वाटा

ख्रिस्ती लग्नात काना गावाची गोष्ट हमखास वाचली जाते. योहानाच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट नीट वाचली तर लक्षात येते की तिच्यात नवरी कुठेच नाही. नवरदेव येतो तो शेवटी, भोजनकारभारी त्याला बोलावतो तेवढ्यापुरता, आणि तोही तोंड उघडत नाही. द्राक्षारस संपला ही अडचण पंगतीची आहे, यजमानाच्या अब्रूची आहे. येशू त्यावर जे देतो तेही दोघांपुरते नाही. सहा दगडी रांजण काठोकाठ भरले, तर आजच्या मापाने पाचशे ते सातशे लिटर होतात. सगळ्या गावाला पुरून उरेल एवढा तो द्राक्षारस.

लग्नातला आनंद देवाला प्रिय आहे आणि तो चारचौघांत वाटून घ्यायचा आहे, हे इथेच सांगून झाले होते. तरी ख्रिस्ती विचाराला ते मनापासून उच्चारायला अनेक शतके लागली.

काळ थोडा उरला आहे या जाणिवेने पौलाने करिंथच्या मंडळीला एकटे राहण्याचा सल्ला दिला. ज्याला संयम जमत नाही त्याने खुशाल लग्न करावे, असेही सांगितले. पुढे जेरोमने बी पेरणाऱ्याच्या दाखल्यातले शंभरपट पीक कुमारिकांना, साठपट विधवांना आणि तीसपट विवाहितांना वाटून दिले. लग्न आणि ब्रह्मचर्य सारख्याच योग्यतेचे, असे म्हणणाऱ्या जोव्हिनियनला पाखंडी ठरवण्यात आले. या वादात संत ऑगस्टिनने 401 च्या सुमारास लग्नाच्या चांगुलपणावर ग्रंथ लिहिला. संतती, निष्ठा आणि न तुटणारे बंधन हे लग्नाचे तीन लाभ त्याने सांगितले. पतिपत्नीचे नाते हा मानवी समाजाचा पहिला धागा आहे, हेही त्याने ओळखले. पण आनंदाला त्या यादीत स्वतःची जागा मिळाली नाही.

मंडळीचा वाटा मात्र हळूहळू वाढत गेला आणि त्याला कारण होते. मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न झाले, मग साक्षीला कुणी असो वा नसो. पुढे पुरुषाने हात वर केले की बाईकडे पुरावा उरत नसे. म्हणून 1215 च्या लॅटरन परिषदेने लग्नाआधी जाहीर घोषणा सक्तीची केली आणि 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू व दोन साक्षीदारांशिवाय झालेले लग्न अवैध ठरवले. आज रविवारच्या मिस्सानंतर वाचली जाणारी नावे ऐकताना आपण चुळबुळ करतो, पण त्या घोषणेमागे फसवल्या गेलेल्या किती मुलींचे दुःख आहे!

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1525 मध्ये कॅथरिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केले. विटेनबर्गचा रिकामा मठ हेच त्यांचे घर झाले. कॅथरिना शेती पाही, बिअर गाळी, विद्यार्थ्यांच्या आणि पाहुण्यांच्या पंगती उठवी. लग्नातल्या आनंदाबद्दल तिच्या स्वयंपाकघराने जे पटवले ते ग्रंथांना पटवता आले नव्हते, असे मला वाटते. 1549 च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या उद्देशांत परस्पर सोबतीचा समावेश झाला, पण तिसऱ्या क्रमांकावर.

मराठी ख्रिस्ती माणसाला सोबतीच्या या विचाराचा खरा अर्थ टिळक दांपत्यात दिसतो. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडून पडला. 1866 च्या कायद्याने धर्मांतरितांना एक वाट दिली होती. जोडीदार धर्माच्या कारणावरून नांदायला येत नसेल, तर लग्न मोडून घेता येत असे. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते थांबले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या त्याही आपले सोवळे घेऊनच, आणि टिळकांनी ते चालू दिले. धर्म बदलला तो पुढे, त्यांच्या स्वतःच्या पावलांनी, 1900 मध्ये. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की या घरात भांडणे होती, ओढाताण होती, आणि दाराशी आलेल्या पोरक्या मुलांना कायम जागा होती. देवाचा आशीर्वाद कसा दिसतो असे मला कुणी विचारले, तर मी या भरलेल्या, गडबडीच्या घराकडे बोट दाखवीन. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

धर्मशास्त्र नंतर तिथे पोचले. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत संततीचा उद्देश प्रधान आणि परस्पर साहाय्य दुय्यम होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये ही उतरंड बाजूला ठेवली. 1983 च्या संहितेत पतिपत्नींचे हित संततीच्या आधी आले. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या पत्राचे नावच प्रेमाच्या आनंदावरून ठेवले. त्याच पत्रात, हिंसा आणि अपमान होत असेल तर वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, हे स्पष्ट लिहिले आहे. सोसण्यालाच आशीर्वाद म्हणणाऱ्या आपल्या समाजाने हे वाक्य मोठ्याने वाचायला हवे.

मुंबईच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाआधी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरतात आणि त्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालतात. विहीर गावाची असते, पाणी ओढणारे हातही अनेकांचे असतात. हे सारे मला फार प्रिय आहे. म्हणूनच लग्नानंतरची शांतता खुपते. लग्नापूर्वीचा अभ्यासवर्ग संपतो, हॉलचे दिवे मालवतात आणि जोडपे दूरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते. कर्ज, पहिले बाळ, सासरमाहेरची ओढ ही सगळी परीक्षा तिथून पुढे सुरू होते आणि नेमकी तेव्हाच मंडळी दिसेनाशी होते. पोप फ्रान्सिस यांच्या त्याच पत्रात लग्नाच्या पहिल्या वर्षांतल्या जोडप्यांना अनुभवी जोडप्यांनी सोबत करावी असा आग्रह आहे. आपल्या प्रार्थना गटांत संसार मुरलेली जोडपी काही कमी नाहीत. त्यांनी महिन्यातून एकदा नव्या जोडप्याकडे जेवायला जावे, किंवा त्यांना आपल्याकडे बोलावावे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही.