शिंक कोणाच्या कर्माची?

सतराव्या शतकात मात्सुदाइरा मासात्सुना नावाच्या जपानी सरदाराने निक्कोकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा सुगीची, म्हणजे जपानी सीडरची, रोपं लावायला घेतली. निक्कोला तोकुगावा इएयासू या शोगुनचं देवस्थान आहे. इतर सरदारांनी तिथे भारी भारी दीपस्तंभ वाहिले, मासात्सुनाने झाडं वाहिली. दंतकथा म्हणते, बिचाऱ्याला दुसरं काही परवडण्यासारखं नव्हतं. वीसएक वर्षं तो लावतच राहिला. आज ही वृक्षांची रांग सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे, त्यातली बारा हजारांच्या आसपास झाडं अजून उभी आहेत आणि जगातली सर्वांत लांब वृक्षवीथी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद आहे.

आणि याच निक्कोतल्या रुग्णांवरून साइतो योझो या कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९६४ मध्ये सुगीच्या परागकणांनी होणाऱ्या आजाराची पहिली नोंद प्रसिद्ध केली. देवाला अर्पण केलेल्या झाडांच्या गावात वसंत आला की माणसं शिंकत होती, नाकं गळत होती, डोळे चोळून लाल होत होते. दान पुण्याचं, हे तर कोणीच नाकारणार नाही. मग शिंक कोणाच्या खात्यावर मांडायची?

प्रश्न जपानपुरता उरलेला नाही. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, विशेषतः निशी-कासाई भागात, २००० सालच्या सुमारापासून भारतीय संगणक अभियंत्यांची मोठी वस्ती झाली. त्यात मराठी घरंही आहेत. नवीन आलेल्या माणसाला पहिले एकदोन वसंत काहीच होत नाही. फेब्रुवारीत सगळं ऑफिस मास्क लावून बसलेलं पाहून तो मनातल्या मनात हसतो. मुंबई-पुण्याची धूळ खाऊन वाढलेल्या आपल्या नाकाला हे फुलांचं पीठ काय करणार, असा त्याचा हिशेब असतो. मग एखाद्या वर्षी, मार्चातल्या एका लख्ख दिवशी, एकामागून एक शिंका सुरू होतात आणि थांबत नाहीत. नाक चोंदतं, रात्रीची झोप जाते, ज्याला मुळात दमा असतो त्याची छाती वाजू लागते.

यातली खोच अशी की हवा वाईट दिसत नाही. मुंबईत हिवाळ्यात हवा बिघडली की निदान ती डोळ्यांना कळते, समोरचा टॉवर धुरकटतो. टोकियोत परागकणांचा सर्वांत वाईट दिवस म्हणजे पावसानंतरचा निळ्या आभाळाचा, कोवळ्या उन्हाचा, वाऱ्याचा दिवस, म्हणजे नेमका घराबाहेर पडावंसं वाटणारा. सुगीचा बहर ओसरतो न ओसरतो तोच हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, सुरू होतो, आणि मार्च ते मे या काळात गोबीच्या वाळवंटातली पिवळी धूळ समुद्र ओलांडून येते ती वेगळीच. घरात कपडे वाळत घालायचे, दारातच कोट झटकायचा, मोसम सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून गोळ्या आणि नाकात मारायचा फवारा आणून ठेवायचा, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा एक दीर्घ उपचार तिथल्या आरोग्य विम्यात बसतो. तो परागांचा मोसम संपल्यावरच सुरू करतात आणि तीन वर्षं किंवा त्याहून अधिक चालवावा लागतो. चिकाटीच्या बाबतीत हे एखाद्या व्रतापेक्षा कमी नाही.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मात्र आईचं निदान वेगळं असतं. आधी ओव्याची वाफ, मग सुंठ, मग हळदीचं दूध, आणि शेवटी एक सुस्कारा: कसले भोग रे बाबा हे तुझे!

हा सुस्कारा हलका घेण्यासारखा नाही. मराठी घरात आजाराचं तत्त्वज्ञान बहुतेक वेळा एवढ्या एका शब्दात मावतं. भोग ज्याचे त्याचे, केलं तसं भरायचं. भारतीय दर्शनांनी हा नियम फार कसोशीने जपला. न केलेल्या कर्माचं फळ कोणाच्या पदरी पडणं, याला ‘अकृताभ्यागम’ म्हणून दोष मानलं गेलं. केलेल्या कर्माचं फळ वाया जाणं, हा ‘कृतनाश’. जे मत या दोनांपैकी कशातही अडकतं ते मत खोटं, असा युक्तिवाद न्यायदर्शनाने वापरला. आत्मा टिकाऊ का मानायचा? कारण नाहीतर करणारा एक आणि भरणारा दुसरा, असा गोंधळ होईल.

निशी-कासाईत नेमका हाच गोंधळ झाला आहे. झाडं लावणारे वेगळे, शिंकणारे वेगळे. आणि शिंकणाऱ्यांत असा एक आहे ज्याचे आजोबा, युद्धानंतर जपानच्या डोंगरांवर ही झाडं लागत होती तेव्हा, साताऱ्याला ज्वारी पिकवत होते.

जपानमध्ये या आजाराबद्दल एक लोकप्रिय समजूत आहे. प्रत्येक माणसाच्या आत एक पेला असतो, दर वसंतात त्यात थोडे थोडे पराग साचतात आणि एके वर्षी पेला भरून सांडू लागतो. डॉक्टर सांगतात की प्रकरण इतकं सोपं नाही. शरीराची संवेदनशीलता, आनुवंशिकता, परागांचं प्रमाण असं बरंच काही त्यात येतं. पण आपल्याकडच्या माणसाला हा पेला पाहताक्षणी ओळखीचा वाटेल. संचित साचत राहतं, त्यातला काही भाग पिकतो, त्याचं प्रारब्ध होतं आणि ते भोगल्याशिवाय सुटका नाही. फरक एवढाच, आणि तो लहान नाही: या पेल्यात जे साचलं ते पेल्याच्या धन्याने ओतलेलं नाही.

मग ओतलं कोणी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या उभारणीत जपानचे डोंगर उघडे पडले होते. पूर येत, दरडी कोसळत, घरं बांधायला लाकूड नव्हतं. सरकारने भराभर उंच वाढणारा सुगी आणि हिनोकी लावायचं ठरवलं. १९५० पासून राष्ट्रीय वृक्षारोपण समारंभ सुरू झाला आणि सम्राट स्वतः रोपं लावू लागले. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत माणसं डोंगर चढली. त्या काळी याहून सात्त्विक काम दुसरं दिसलं नसतं. पुढे १९६४ मध्ये लाकडाची आयात पूर्ण खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडू लागलं, गावातली तरुण मंडळी शहरांत गेली आणि लावलेली राई विरळ करायलाही कोणी उरलं नाही. झाडं तिशीला आली तशी ती जोमाने फुलू लागली. आज जपानचा दोन तृतीयांश भूभाग जंगलाचा आहे, त्या जंगलातला सुमारे ४० टक्के भाग माणसाने लावलेला आहे, आणि त्यात सुगीच सर्वांत जास्त. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या देशव्यापी पाहणीत १९९८ मध्ये १६.२ टक्के लोकांना सुगीचा त्रास होता. २०१९ मध्ये तो आकडा ३८.८ टक्क्यांवर गेला.

इथे वाईट माणूस सापडत नाही. हेतू चांगला, कृती चांगली, फळ वाईट, आणि तेही भलत्याच्याच नाकात. ज्याचं त्याचं कर्म हा हिशेब अशा ठिकाणी जुळत नाही. जुळवायचाच म्हटलं तर रुग्णाच्या मागच्या जन्मात काहीतरी घुसडावं लागतं.

गंमत म्हणजे हा तिढा आपल्या जुन्या माणसांना ठाऊक होता. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळे, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय मत? बुद्धाचं उत्तर वैद्याला शोभेल असं आहे. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्हींच्या मिलाफाने, काही ऋतुबदलामुळे, काही अयोग्य वागण्याने, काही अचानक आघाताने, आणि काही कर्मविपाकाने. आठांतलं एक कारण कर्म. सगळं कर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला माहीत असलेल्या सत्याच्याही पलीकडे जातात, असं तो बजावतो. ऋतुबदल तिथे स्वतंत्र कारण म्हणून बसला आहे, हे मार्चात शिंकणाऱ्याने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

चरकसंहितेतला प्रसंग तर याहून नेमका आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आत्रेय पुनर्वसू पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीत, गंगाकाठी, उन्हाळ्याच्या शेवटी शिष्यांबरोबर फिरत आहेत. अग्निवेश अडचणीचा प्रश्न टाकतो. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं. मग एकाच वेळी एकाच रोगाने अख्खा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय सांगतात, माणसांत बाकी काहीही वेगळं असलं तरी चार गोष्टी सामाईक असतात: वायू, उदक, देश आणि काळ. बिघडलेल्या वायूची लक्षणंही ते मोजतात. ऋतूला न शोभणारा, घाणेरड्या वासाचा, वाळू, धूळ आणि धूर यांनी भरलेला. गोबीची धूळ टोकियोवर उतरते त्या दिवशी हे वर्णन हवामान खात्याच्या पत्रकात खपून जाईल.

या बिघाडाच्या मुळाशी आत्रेय अधर्म ठेवतात, आणि अधर्माच्या मुळाशी प्रज्ञापराध, म्हणजे कळत असून बुद्धीने केलेली चूक. त्यातही पहिलं बोट देशाच्या, नगराच्या आणि जनपदाच्या प्रमुखांकडे. तेच धर्म सोडून वागले की खालचे त्यांच्यामागून जातात आणि हवा सगळ्यांची बिघडते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण आपण उसासा टाकून वापरतो. चरकात तिला कारण मिळतं आणि जबाबदार माणूसही मिळतो.

जपानच्या न्यायालयाने हाच विचार विसाव्या शतकात कायद्याच्या भाषेत मांडला. योक्काइची हे मिए प्रांतातलं बंदर. तिथल्या तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांच्या धुराने लोकांना दम्याने ग्रासलं. १९६७ मध्ये नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांवर दावा लावला. बचाव काय असणार ते उघड होतं: तुमच्या फुप्फुसात नेमका आमचाच धूर गेला हे सिद्ध करा. १९७२ च्या जुलैमध्ये निकाल लागला. कोणाचा धूर किती हे वेगळं काढता येत नसलं तरी सहाही कंपन्या एकत्र जबाबदार आहेत आणि रोगप्रसाराच्या अभ्यासातून दिसणारा संबंध पुरावा म्हणून पुरेसा आहे, असं न्यायालयाने मानलं. पुढच्याच वर्षी प्रदूषणग्रस्तांना भरपाई देणारा कायदा झाला. टोकियोतल्या दम्याच्या रुग्णांनी सरकार आणि मोटार कंपन्यांविरुद्ध लढवलेला खटला २००७ मध्ये उपचारखर्चाच्या योजनेसह तडजोडीने मिटला. योक्काइचीच्या रुग्णांनी ‘आमचेच भोग’ म्हणून हात जोडले असते तर यातलं काहीच घडलं नसतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप हाच होता. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्मावर आजची दैना लादणारी शिकवण त्यांनी नाकारली. तिचा उपयोग झालाच तर गरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकायला राज्याला आणि समाजाला होतो, असं त्यांनी दाखवून दिलं. या विचाराचा जपानशी एक थेट धागा आहे. कूकाई या बौद्ध भिक्षूने नवव्या शतकात वसवलेल्या कोयासान या तीर्थक्षेत्री, तिथल्या विद्यापीठाच्या आवारात, सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. आणि त्या गावातला ओकुनोइनकडे, म्हणजे कूकाईच्या समाधीकडे, जाणारा दोन किलोमीटरचा रस्ता दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून आणि शेकडो वर्षांच्या सुगींखालून जातो.

सुगीला दोष देऊ नये, हे ओघाने आलंच. गवत आणि झाडंही बुद्धत्वाला पोहोचतात, हा विचार जपानी बौद्ध परंपरेत खोल रुजला आहे. यामागाता प्रांतात तोडलेल्या झाडाझुडपांच्या स्मरणार्थ उभारलेले अठराव्या शतकापासूनचे दगड आढळतात. झाडाने परागकण सोडले तर त्याने झाडाचा धर्म पाळला. रांगेत, दाटीवाटीने, एकाच जातीची झाडं लावणं आणि मग ती वाऱ्यावर सोडून देणं, हे माणसाचं.

बौद्ध तत्त्वज्ञानात या सगळ्याला एक जागा आधीपासून आहे. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात जीवांचं वैयक्तिक कर्म वेगळं आणि ज्यातून डोंगर-नद्यांचं हे बाहेरचं जग घडतं ते साधारण, म्हणजे सामाईक कर्म वेगळं. तर्कशुद्ध माणसाला इथे शंका येईल: सामाईक कर्म म्हणजे कोणाचंच नाही, असं तर होणार नाही ना? होऊ शकतं. सगळेच दोषी म्हटलं की सगळेच सुटतात. म्हणून योक्काइचीच्या निकालासारखा हिशेब लागतो, जिथे सामाईक जबाबदारी नावानिशी आणि रकमेनिशी वाटली जाते. परागांच्या बाबतीत कोर्टात उभं करायला कोणी नाही, पण वाटणी सुरू झाली आहे. मे २०२३ मध्ये जपान सरकारने आराखडा ठरवला: दहा वर्षांत परागांचा उगम असलेली सुगीची लागवड सुमारे २० टक्क्यांनी कमी करायची आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचे. तोडलेल्या जागी कमी परागांची रोपं लावायची. उतार तीव्र आहेत आणि जंगलात काम करणारे हात कमी, त्यामुळे वेळ लागणारच.

निशी-कासाईतल्या त्या अभियंत्याची यात एक छोटी जागा आहे. २०२४ पासून जपानमध्ये वन पर्यावरण कर लागू झाला: रहिवासी कर भरणाऱ्या प्रत्येकामागे वर्षाला १,००० येन, कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे हे न पाहता. तो पैसा जंगलं विरळ करणं, त्यांची निगा राखणं, लाकडाचा वापर वाढवणं यावर खर्च व्हायचा आहे. ज्या झाडांशी त्याच्या सात पिढ्यांचा संबंध नव्हता, त्यांच्यासाठी तो आता दरसाल पैसे मोजतो. या कराची नोटीस रहिवासी कराबरोबर जूनच्या सुमारास हाती येते, म्हणजे पराग संपल्यावर, जिभेखालच्या गोळ्या सुरू करायच्या दिवसांत.