ऐकलंस ना, पार्था?

आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक ७२.

पूजेला बसतोय तोच अमेरिकेतून मावसबहिणीचा फोन. शनिवारी तिची फ्लाइट इन्स्ट्रक्टरची चेकराइड. आधी तोंडी परीक्षा, मग उड्डाण. शिकताना डावीकडे बसायची, आता उजवीकडे बसून शिकवायचं. परीक्षकच विद्यार्थी होतो, मुद्दाम चुकतो.

सरावात तिने फळ्यावर अर्धा तास स्टॉल समजावला. विद्यार्थी झालेले सर "हो हो" म्हणत राहिले. वर गेल्यावर स्टॉल येताच नाक खाली घ्यायचं, तर त्यांनी अजून वर ओढलं! "दादा, मला सगळं येतं रे," म्हणत रडायला लागली.

म्हटलं, अगं, एवढी गीता सांगून भगवंत शेवटी काय विचारतात? लक्ष देऊन ऐकलंस ना? मोह गेला का? प्रत्यक्ष भगवंत, पण गृहीत धरत नाहीत. (आपण मात्र "कळलं ना?" म्हणून मोकळे!) अर्जुनही नुसतं "हो" म्हणत नाही. मोह गेला, भान आलं, तू सांगशील ते करीन, असं स्वतः बोलून दाखवतो.

ती गप्प. मग म्हणाली, "दादा, आता तू विद्यार्थी हो."

पूजा राहिली बाजूला. स्टॉल शिकलो. दोनदा चुकलो, दोन्ही वेळा तिने पकडलं.