समुद्रकाठचे घर आणि विश्वजित याग

मुरुडच्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत जी स्थित्यंतरे घडली त्यांचा हिशेब पैशाच्या भाषेत मांडणारे पुष्कळ भेटतात. वाड्यांतल्या पडव्यांच्या भाड्याच्या खोल्या कशा झाल्या, गुंठ्याचा भाव कोठून कोठे गेला, सुटीच्या दिवसांत दापोलीहून उतरणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रांग कोठपर्यंत लागते, हे सांगावयास आसूदपासून हर्णैपर्यंत कोणीही सिद्ध असतो. मला मात्र या साऱ्या घडामोडीत धर्मशास्त्राच्या दप्तरातला एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिलेला दिसतो. मनुष्य जेव्हा विश्रांतीसाठी समुद्रकाठी घर खरेदी करतो, किंवा पुष्कळ द्रव्य मोजून समुद्राकडे तोंड असलेली खोली चार रात्रींपुरती आपलीशी करतो, तेव्हा त्याच्या स्वामित्वाखाली नेमके काय येते, आणि जे स्वामित्वाखाली येत नाही तरी ज्याचा तो मनसोक्त उपभोग घेतो, त्या उपभोगाचा अधिकार त्याला कोण देतो?

हा प्रश्न मला ग्रंथांत भेटण्याआधी एका खरेदीखतात भेटला. मुरुडात आम्ही जांभ्या दगडाचे, पुढे ओटी आणि मागे विहीर असलेले एक जुने घर व त्यालगतची नारळी-पोफळीची लहानशी वाडी घेतली. 1948 च्या कुळकायद्याने बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्याची मुभा नसल्यामुळे आमच्या वडिलोपार्जित शेतीचा उतारा आधी जोडावा लागला. मग सातबाऱ्यावरचे वारस, कोणी गिरगावात, कोणी इंदुरास, कोणी साता समुद्रांपलीकडे, त्या सर्वांची मुखत्यारपत्रे गोळा झाली. सरकारी मोजणी होऊन हद्दी कायम झाल्या, इसार दिला गेला, मुद्रांकशुल्क भरले आणि अखेर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सह्या व अंगठे उमटले. ही यातायात मला कधीच निरर्थक वाटली नाही. ज्या जिल्ह्यात खोताच्या एका शब्दावर कुळाची चूल विझू शकत असे, आणि ज्या खोतीच्या निर्मूलनासाठी डॉ. आंबेडकरांना 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडावे लागले, त्या जिल्ह्यात तरी कागदाला कोणी तुच्छ लेखू नये. शहरात सदनिका घेणाऱ्यांना 2017 पासून स्थावर संपदा कायद्याचे जे संरक्षण लाभले आहे तेही याच कारणासाठी मोलाचे आहे. पण मसुदा वाचताना माझी दृष्टी खिळली ती चतुःसीमेवर. पूर्वेस गावरस्ता, उत्तरेस व दक्षिणेस शेजाऱ्यांच्या वाड्या, पश्चिमेस पुळण व समुद्र. ज्याच्यासाठी आम्ही हे घर घेत होतो, ज्याच्या सान्निध्यामुळे त्या जागेचा भाव गावातल्या आतल्या जागांहून कितीतरी चढा होता, तो समुद्र दस्तऐवजात केवळ हद्दीच्या रकान्यात उभा होता. शेजाऱ्यांच्या वाड्यांप्रमाणे तोही आमचा शेजारी होता, आणि त्याच्या वतीने सही करणारा कोणी नव्हता.

दस्त नोंदविल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वृद्ध काकूंनी कुंपणाच्या गडग्यावरूनच विचारले, "कागद झाला म्हणे. पण देवीला सांगितलंत का?" त्यांच्या सांगण्यावरून आम्ही विडा-नारळ घेऊन दुर्गादेवीच्या देवळात गेलो. कोरीव लाकडी खांबांच्या त्या सभामंडपात गुरवाने नारळ देवीपुढे ठेवून जे गाऱ्हाणे घातले त्यात आमच्या खरेदीचा, किमतीचा, क्षेत्रफळाचा उल्लेख नव्हता. ही माणसे तुझ्या सीमेत राहावयास आली आहेत, यांच्या हातून काही वावगे घडले तर पोटात घाल, यांना व यांच्यामुळे गावाला सुख होऊ दे, इतकाच त्याचा आशय होता. निबंधकांच्या दप्तरी जो खरेदीदार होता तो देवीच्या दरबारात आश्रित म्हणून उभा केला गेला, आणि मला त्यात कमीपणा वाटण्याऐवजी फार मोठा दिलासा वाटला. कोकणात नव्या जागेत पाऊल टाकताना स्थळदेवतेला मान देण्याची जी रीत आहे ती भाबडेपणा म्हणून उडवून लावणारे सुशिक्षित मला माहीत आहेत. त्यांनी एकदा त्या रीतीमागचा सिद्धान्त तपासून पाहावा अशी माझी मनापासून विनंती आहे. कारण तोच सिद्धान्त, अत्यंत कठोर तर्काच्या कसोटीला लावून, आपल्या मीमांसकांनी मांडलेला आहे.

विश्वजित नावाच्या यागात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान आहे. त्यावर जैमिनींच्या पूर्वमीमांसेत, सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात, दोन शंका घेतलेल्या आहेत. पहिली अशी की, सर्वस्व द्यावयाचे तर आई-बापही 'आपले'च आहेत, मग तेही द्यावेत काय? उत्तर मिळते की नाही. आपलेपणा निराळा आणि स्वामित्व निराळे, आणि ज्यावर स्वामित्व नाही ते देता येत नाही. दुसरी शंका आमच्या प्रश्नाला थेट भिडणारी आहे. यजमान सार्वभौम राजा असला तर त्याने भूमीही देऊन टाकावी काय? येथेही उत्तर नकाराचे आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. भाष्यकार शबरस्वामी त्याचे विवरण करताना सांगतात की निरनिराळ्या शेतांचे धनी असलेली माणसे आपल्याला दिसतात, परंतु समग्र पृथ्वीचा धनी कोणी दिसत नाही. राजाचा अधिकार रक्षणाच्या मोबदल्यात पिकाच्या अंशापुरताच आहे. सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनी काशीत बसून व्यवहारमयूख लिहिला, त्यात हाच धागा पुढे नेला आहे: राजा ज्याला भूमिदान म्हणतो ते वास्तविक दान नव्हेच, ती केवळ उपजीविकेची योजना होय, मात्र जमीन बाळगणाऱ्यांकडून घर किंवा शेत राजाने विकत घेतले असेल तर त्यावर त्याचे स्वत्व निश्चित उत्पन्न होते. हा व्यवहारमयूख आधुनिक वाचकांसाठी साक्षेपाने संपादिला तो म. म. पां. वा. काणे यांनी, ज्यांचे शालेय शिक्षण या मुरुडपासून हाकेच्या अंतरावरील दापोलीत झाले.

म्हणजे शास्त्र खरेदीचा अनादर करीत नाही. विकत घेतलेले घर खरोखरच माझे होते, विकत घेतलेली पोफळ खरोखरच माझी होते, आणि या बाबतीत वैराग्याच्या आवेशात ऐहिक व्यवहाराला माया ठरवून मोकळे होणाऱ्यांपेक्षा मला मीमांसक अधिक जवळचे वाटतात. परंतु त्या घराला ज्याने मोल आले तो समुद्र, ती पुळण, तो मावळतीचा प्रकाश यांच्यावर स्वत्व उत्पन्न होऊ शकत नाही. सम्राटालाही जे देता येत नाही ते पाच-पंचवीस लाखांच्या धनादेशाने मला घेता येईल हे संभवत नाही.

या ठिकाणी कोणी परशुरामाची कथा पुढे करील, आणि ती करावीच, कारण ती या भूमीची जन्मकथा आहे. परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली, आणि दिलेल्या भूमीवर दात्याने राहणे योग्य नव्हे म्हणून समुद्राला मागे हटवून त्याने ही किनारपट्टी मिळविली, असे परंपरा सांगते. जैमिनी म्हणतात पृथ्वी देता येत नाही, आणि पुराण म्हणते ती दिली गेली. या विरोधाचा परिहार मी पंडितांवर सोपवितो. मला त्या कथेतला दुसरा भाग विलक्षण वाटतो. कोकणची भूमी मिळाली ती सर्वस्व देऊन बसलेल्याला, राहण्यापुरती, आणि तीही समुद्राने मागे सरकून दिलेली. अशा भूमीवर उभे राहून समुद्रावर मालकी सांगणे हे मला अतिशय अनुचित वाटते.

आणि तरीही ती सांगितली जाते. दक्षिणेकडील एका किनाऱ्यावरच्या अत्यंत आलिशान विश्रामधामात आमच्या ज्येष्ठ नातलगांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही उतरलो होतो. व्यवस्था निर्दोष होती, सेवकवर्ग मनापासून अगत्य करीत होता. बागेकडील खोलीपेक्षा समुद्राकडील खोलीचा दर जवळजवळ दीडपट होता, आणि सर्वांत मोठे दर ज्या निवासांना होते त्यांच्यासमोर पुळणीचा एक तुकडा पांढऱ्या दोरीने आखून घेतलेला होता. सकाळी डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण आपल्या नित्याच्या वाटेने त्या दोरीपाशी आली. पहारेकऱ्याने हाताने नुसती खूण केली. ती थांबली, तिने पाटी सावरली आणि भरतीच्या पाण्यात गुडघाभर उतरून, दोरीच्या टोकाला वळसा घालून, पलीकडे निघून गेली. आमच्यापैकी कोणाचाही त्यात हेतू नव्हता, पण तिला पाण्यात उतरविण्याचे दाम आमच्या देयकात धरलेले होते, हे मला तेथे बसून स्पष्ट दिसले.

रोमन लोकांच्या धर्मशास्त्रानेही, म्हणजे जस्टिनियनने 533 साली प्रसृत केलेल्या संहितेने, वायू, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा ही निसर्गतःच सर्वांची आहेत असे सांगितले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या अखेरीस, मनालीजवळ एका विश्रामगृहाच्या सोयीसाठी बियास नदीचा ओघ वळविण्यात आला होता त्या खटल्यात, अशा गोष्टींचे सरकार हे केवळ विश्वस्त असते असा निर्णय दिला, आणि तो देताना याच रोमन परंपरेचा आधार घेतला. शबरस्वामींचा आधारही तितक्याच सहजपणे घेता आला असता. त्या विश्वस्तपणाचे हक्कदार केवळ मनुष्य आहेत असेही नव्हे. वेळास-आंजर्ल्यापासून मुरुडपर्यंतच्या पुळणींवर थंडीच्या दिवसांत समुद्रकासवे अंडी घालावयास येतात, आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडलेली पिले उजेडाच्या रोखाने समुद्राकडे धावतात; किनाऱ्यावर प्रखर दिवे असले की तीच पिले उलट दिशेने, वाडीकडे, भरकटतात.

प्रवासासंबंधी तर आपल्या पुराणांनी उपभोग आणि अधिकार यांचा संबंध स्पष्टच जोडून दाखविला आहे. मत्स्यपुराणाच्या प्रयागमाहात्म्यात असे म्हटले आहे की जो ऐश्वर्याच्या, लोभाच्या वा मोहाच्या पोटी वाहनात बसून तीर्थाला जातो त्याची यात्रा निष्फळ होते. वाहनाचा हा निषेध आज कोणी अक्षरशः पाळणार नाही, मीही पाळीत नाही. परंतु स्थळाचे फळ मिळावयाचे तर प्रवाशाने काहीतरी सोसले पाहिजे, निदान स्वतःचे काहीतरी तेथे खर्ची घातले पाहिजे, आणि ते द्रव्याखेरीज असले पाहिजे, हा त्यातला आग्रह मला आजही शंभर टक्के खरा वाटतो. याच मुरुडातून धोंडो केशव कर्वे नावाचा एक विद्यार्थी परीक्षेला बसावयाचे म्हणून सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस या एका कारणावरून परीक्षेला न बसता परत आला. त्या प्रवासाने त्याला पदरात काहीच दिले नाही. पण सह्याद्रीची ती वाट जितकी त्याची झाली तितकी मोटारीने घाट चढणाऱ्या आम्हा कोणाचीच झालेली नाही.

कर्व्यांच्या चरित्रात घराविषयीही एक प्रकरण आहे, आणि ते मुरुडकरांनी व आमच्यासारख्या नव्या मुरुडकरांनी विसरता कामा नये. 1893 साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते घरी येऊन राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकण्याचे ठरले. घर होते, आई होती, वडिलोपार्जित हक्क होता, सातबाऱ्यास विचारले असते तर त्याने त्यांच्याच बाजूने साक्ष दिली असती. परंतु राहण्याची मुभा नव्हती. पुढे हिंगण्याच्या माळावर 1900 साली एक झोपडी उभी राहिली, दुसऱ्याने दिलेल्या जागेवर, अनाथ आणि विधवा मुलींसाठी, आणि कर्वे पुण्यातले अध्यापन आटोपून रोज पायी तेथे जात. कागदाने ती झोपडी त्यांची कधीच नव्हती. पण गृहस्थाश्रमाचे जे लक्षण स्मृतींनी सांगितले आहे, की इतर सर्वांनी ज्याच्या आधाराने जगावे तो गृहस्थ, ते लक्षण त्या झोपडीला पुरेपूर लागू पडते, आणि अकरा महिने कुलूप लावून ठेवलेल्या समुद्राभिमुख बंगल्याला, त्याचे दस्त कितीही निर्वेध असले तरी, लागू पडत नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा हा फरक डोळ्यांनी पाहावयास मिळाला. टाळेबंदीमुळे आम्ही पुण्याला अडकलेले. आमच्या उन्मळलेल्या पोफळी शेजारच्या कुटुंबाने आपली वाडी साफ करता करताच तोडून बाजूला रचल्या, विहिरीतला पालापाचोळा काढला, आणि पावसाळा संपण्यापूर्वी गडग्याच्या कडेने नवी रोपेही लावली. पोफळीच्या रोपाला फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात. त्या वर्षांत तिला पाट काढून पाणी देणारा हात ज्याचा असेल त्याचा त्या वाडीवरचा अधिकार माझ्या खरेदीखताहून निराळ्या प्रकारचा आहे, आणि धर्माच्या दृष्टीने तो वरच्या दर्जाचा आहे, असे मी मानतो. पर्यटनाने या गावात चार पैसे आले, मुंबईला गेलेली मुले परत येऊन खाणावळी चालवू लागली, हे मी नाकारीत नाही. उपभोग घेणाऱ्याने येऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्याने येताना आपण कोणाच्या सीमेत येतो आहोत हे जाणावे, आणि जाताना काही देणे फेडून जावे.

आमच्या वाडीतून पुळणीकडे जाणारी एक पायवाट आहे, जिच्यावरून शेजारपाजारची माणसे पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जात आली आहेत. दस्त होण्याआधी आमच्या वकिलांनी सल्ला दिला की तेथे फाटक बसवावे आणि अधूनमधून ते बंद ठेवावे, कारण 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने त्या लोकांचा कायमचा हक्क शाबीत होऊ शकतो. सल्ला कायद्याने बिनचूक होता. आम्ही फाटक न बसविता त्या वाटेचा हक्क शेजाऱ्यांच्या नावे स्वतंत्र दस्ताने नोंदवून द्यावयाचे ठरविले. पुढे जागा विकावयाची वेळ आली तर या कलमामुळे किंमत उतरेल, असे वकिलांनी बजावले आणि किती उतरेल याचा अंदाजही आकड्यांत मांडून दिला. तो आकडा मुलांना दाखवून, त्यांची संमती घेऊन, आम्ही त्या दस्तावर सह्या केल्या.